विषय मागाहून, आधी फळा

गेल्या अंकात गणित आणि संख्याशास्त्रातल्या पीएच्.डी.बद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांची रीघ लागली. त्यांतली पाच इथे घेते. नव्या वाचकांसाठी एवढेच सांगते की मी फोंड्याची. एकतीस वर्षे कॉलेजात गणित शिकवले, आणि स्वतःची पीएच्.डी. नोकरी, सासर आणि दोन मुले सांभाळत चाळिशीच्या उंबरठ्यावर केली. त्यामुळे खालची उत्तरे माहितीपत्रकासारखी तटस्थ नाहीत.

प्रश्न : बाई, आमची मुलगी एम.एस्सी. गणित प्रथम वर्गात झाली, आता नेट म्हणजे प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षाही पास झाली. तिला पीएच्.डी. करायची आहे. मिस्टरांचे म्हणणे, बी.एड. करून हायर सेकंडरीला लागली तर बरे. पाच-सहा वर्षे ती खाणार काय? शिवाय लग्नाचेही बघायला हवे. — एक आई, डिचोली

उत्तर : ताई, नुसते ‘नेट पास’ म्हणून आता भागत नाही. जून 2024 पासून निकालात तीन गट असतात. पहिल्या गटात जेआरएफ म्हणजे शिष्यवृत्ती मिळते. दुसऱ्यात सहायक प्राध्यापक व्हायची पात्रता आणि पीएच्.डी.ला प्रवेश, तर तिसऱ्यात फक्त प्रवेश. पैसे मिळतात ते पहिल्याच गटाला. तेव्हा पेढे वाटले असतील तर वाटले, पण आज संध्याकाळी तिचे निकालपत्र मागून घ्या आणि गट कोणता ते बघा.

पहिला गट असेल तर तुमच्या ‘खाणार काय’ला उत्तर आहे. पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये, पुढे काम समाधानकारक असेल तर 42,000. हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे. वसतिगृह मिळाले नाही तर घरभाडे निराळे. मिस्टरांना हे आकडे सांगून बघा, आवाज थोडा खाली येतो.

दुसरा किंवा तिसरा गट असेल तर ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, म्हणून ‘पुढच्या वर्षी बघू’ असे करू नका. मात्र शिष्यवृत्तीशिवाय गणितात उतरू नये, हे माझे स्पष्ट मत. शिकवण्या घेत पीएच्.डी. करणारी मुले मी पाहिली आहेत. संध्याकाळी दहावीच्या तीन बॅचेस घेतल्यावर रात्री प्रमेय सुचत नाही. तिने परीक्षा पुन्हा द्यावी, आणि राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचीही द्यावी. ते मंडळ अणुऊर्जा विभागाचे, गणिताच्या डॉक्टरेटसाठी त्यांची वेगळी शिष्यवृत्ती असते.

लग्नाचे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलेत, पण पत्र त्यासाठीच लिहिले होते हे मला कळले. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच्.डी.ची मुदत सहा वर्षे, पुनर्नोंदणी केली तर आठ, आणि महिलांना त्यावर आणखी दोन. बाळंतपणाची रजा 240 दिवसांपर्यंत. माझ्या वेळी यातले काही नव्हते. बी.एड. तिला नंतरही करता येईल.

प्रश्न : मला जेआरएफ मिळाली आहे. दोन प्राध्यापकांना भेटलो, दोघांनीही पहिला प्रश्न ‘विषय काय?’ असा केला. माझ्याकडे विषयच नाही. मित्र म्हणतो मशीन लर्निंग घे, नोकरी लागते. विषय कसा निवडू? — एक विद्यार्थी, वाळपई

उत्तर : अरे, विषय घेऊन कोणीच जात नाही. ते प्रबंधाचे शीर्षक विचारत नव्हते, कुठल्या पुस्तकाशी तुझी गट्टी आहे ते विचारत होते. पुढच्या वेळी सांग, ‘सर, मला टोपॉलॉजी आवडते, अमुक पुस्तकाची पाच प्रकरणे उदाहरणांसकट सोडवली आहेत.’ एवढे पुरते. मात्र ती पाच प्रकरणे खरेच सोडवलेली असू देत, कारण लगेच खडू हातात देतात.

तू नेट देऊन आला आहेस, म्हणून भाग ‘सी’ तुला आठवत असेल. चार पर्याय, त्यांतले एकाहून जास्त बरोबर असू शकतात, आणि सगळे बरोबर पर्याय टिपलेस तरच 4.75 गुण, नाहीतर शून्य. परीक्षा कठीण आहे, वाद नाही. पण तिथे उत्तर त्या चारांतच कुठेतरी असते. संशोधनात पर्याय नसतात, आणि कित्येकदा प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. हे कळायला एक माणूस लागतो, जो दर आठवड्याला तासभर तुझ्यासमोर बसून ‘का?’ विचारेल. म्हणून माझा सल्ला उलटा आहे. आधी तो माणूस शोध, विषय त्याच्या फळ्यावर मिळेल.

माझेच सांगते. 1993 साल. दर शुक्रवारी दुपारची लेक्चर्स संपवून मी फोंड्याहून पणजीची बस धरायची, तिथून दुसरी बस ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात. माझे गाइड असलेल्या सरांच्या खोलीत एक हिरवा फळा होता. त्याचा अर्धा भाग त्यांच्याच सूत्रांनी कायम भरलेला, उरलेला अर्धा माझा. अट एकच, वही उघडायची नाही. डोक्यात असेल तेवढेच फळ्यावर लिहायचे. पहिले चार शुक्रवार मी दहा मिनिटांत गप्प झाले.

आठ महिन्यांनी मी एक लेमा, म्हणजे मोठ्या प्रमेयाकडे नेणारे छोटे प्रमेय, घेऊन गेले. खुशीत होते. त्यात मध्येच एक ओळ होती, ‘म आणि न या दोन क्लोज्ड सबस्पेस आहेत, म्हणून त्यांची बेरीजही क्लोज्ड.’ सबस्पेस म्हणजे जागेतली छोटी जागा, आणि क्लोज्ड म्हणजे आतले बिंदू ज्याच्याकडे चालत जातात तोही आतच असणे. सर म्हणाले, ‘का?’ मी दोन्ही तळहात हवेत उभे करून दाखवले. हा एक सपाट पाट, हा दुसरा, दोघांची बेरीज केली तर त्यात भोक कुठून पडणार? सर म्हणाले, ‘तुझी जागा तीन मितींची आहे का?’ आणि चहाला निघून गेले.

माझी जागा अनंत मितींची होती. घरी येऊन पुस्तक उघडले असते तर उत्तर सापडलेही असते, पण सरांनी पुस्तक बघायला मनाई केली होती. तीन आठवडे मी त्या ओळीला चिकटून होते. भाकरी करपली, वर्गात एकदा चुकीचे प्रकरण शिकवले. शेवटी एका शुक्रवारी बस बाणस्तारीच्या पुलावर अडकलेली असताना डोक्यात आले. पहिल्या दिशेत म आणि न यांच्यात बऱ्यापैकी कोन आहे असे धर. दुसऱ्या दिशेत त्याच्या साधारण निम्मा, तिसरीत तिसरा हिस्सा, चौथीत चौथा. कुठलाही कोन शून्य नाही, पण पुढे पुढे ते शून्याला टेकत जातात. आता 1, 1/2, 1/3, 1/4 … हा क्रम घे. त्याच्या वर्गांची बेरीज आटोक्यात राहते, म्हणजे तो आपल्या जागेतला अस्सल रहिवासी. तो कुठेही तोडून पुढे शून्ये भरलीस तर तुकडा म आणि न यांच्या बेरजेत बसतो. पण अख्खा क्रम त्या बेरजेतून मिळवायचा तर 1, 1, 1, 1 … असा क्रम हाताशी लागतो, आणि त्याच्या वर्गांची बेरीज कधीच आटोक्यात येत नाही. तुकडे सगळे आत आणि ज्याच्याकडे ते चालले आहेत तो बाहेर. भोक होते!

तिकिटाच्या पाठीवर मी ‘1, 1, 1’ एवढेच लिहिले. ते तिकीट अजून माझ्याकडे आहे, शाई उडाली आहे.

आठ महिन्यांचे काम गेले, असे मला वाटले. सरांनी फळ्याच्या त्यांच्या बाजूचा एक कोपरा पहिल्यांदाच पुसला आणि म्हणाले, ‘मग कोनच शून्यापासून लांब ठेव.’ तेवढी अट घातली की बेरीज क्लोज्ड राहते. माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण या एका अटीवर उभे आहे. विषय मी निवडला नव्हता, तो माझ्या चुकीतून निघाला.

आता असा माणूस शोधायचा कसा? ‘शोधगंगा’वर जा. देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. ज्या प्राध्यापकांकडे जायचा विचार आहे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढ आणि प्रमेये राहू देत, ऋणनिर्देश वाच. ‘व्यग्र वेळापत्रकातूनही मार्गदर्शन केले’ असे असेल तर सावध हो. ‘माझ्या अर्धवट कल्पना तासन् तास ऐकल्या’ असे असेल तर दार ठोठाव. शिवाय दोन गोष्टी सरळ विचार, त्यात उद्धटपणा नाही. एक, हाताखाली आता किती विद्यार्थी आहेत? नियमाने प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार घेता येतात. दुसरे, निवृत्ती कधी? तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही.

ताळगावच हवे असाही हट्ट नको. फर्मागुडीला आयआयटी आहे, झुआरीनगरला बिट्सचे आवार आहे. गोव्याबाहेर जावे लागले तर जा, चवथीला घरी आलास म्हणजे झाले.

कोर्सवर्कला, म्हणजे पीएच्.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाला, ‘उरकायची गोष्ट’ म्हणू नकोस. किमान बारा क्रेडिट्स आणि 55 टक्के एवढेच नियम मागतो. त्यातून तुला हवे तेवढे गणित मिळत नाही. पहिल्या वर्षी ‘अ‍ॅन्युअल फाउंडेशन स्कूल’ला अर्ज कर. टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांचे मिळून जे राष्ट्रीय गणित केंद्र आहे ते ही शिबिरे भरवते. बीजगणित, विश्लेषण, टोपॉलॉजी पायापासून शिकवतात, आणि सकाळी ऐकलेले दुपारी स्वतः सोडवावे लागते. तिथे देशभरातली तुझ्यासारखी अडकलेली मुले भेटतात, हा मोठा फायदा. आणि गणित टाइप करायची ‘टेक’ (TeX) ही संगणक-प्रणाली आत्ताच शिक. माझा प्रबंध पणजीच्या एका टायपिस्टने टाइप केला होता, ग्रीक अक्षरांच्या जागा कोऱ्या सोडून. ती सगळी अक्षरे मी काळ्या पेनाने भरली, पाच प्रतींत.

मशीन लर्निंग? आवडत असेल तर घे, त्याच्या आत रेखीय बीजगणित आणि संभाव्यताच आहे. नोकरीसाठी घेतलेला विषय मात्र तिसऱ्या वर्षी टोचू लागतो.

प्रश्न : मी कॉलेजात शिकवतो आणि अर्धवेळ पीएच्.डी. करतो, संख्याशास्त्रात. सत्तरीतल्या पाच बागायतींत प्रत्येकी चाळीस, अशी काजूची 200 झाडे घेतली. तीन बागायतींत गांडूळखत घातले, दोनांत नाही. फरक स्पष्ट आला, पी-व्हॅल्यू (खताचा परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) 0.003. सहामाही सादरीकरणात सल्लागार समितीतल्या एका सदस्याने म्हटले, ‘तुमचा नमुना दोनशेचा नाही, पाचाचा आहे.’ दोन हंगाम उन्हात फिरलो, त्याची ही किंमत? — एक प्राध्यापक, होंडा

उत्तर : सर, राग समजते, पण ते सदस्य बरोबर आहेत. चवथीला एकाच घरात चाळीस जणांना विचारलेत, ‘नेवऱ्या कशा झाल्यात?’ तर चाळीस उत्तरे मिळतील खरी, पण सारण एकीनेच भाजलेले. तुमच्या एका बागेतल्या चाळीस झाडांची माती एक, उतार एक, मालक एक. ढेकण्या ही कीड आली तर सगळ्या बागेवर येते. चाळिसावे झाड तुम्हाला नवे फारसे काही सांगत नाही.

हे आकड्यात मांडता येते. एका बागेतल्या झाडांचे आपापसातले साम्य 0.2 धरू (तुमच्या नोंदींवरून ते नीट काढा). मग फुगवटा, म्हणजे या साम्यामुळे नमुना किती पट फुगून दिसतो तो आकडा, होतो 1 + (40 − 1) × 0.2, म्हणजे 8.8. दोनशेला 8.8 ने भागा, साधारण 23 येतात. सरासरी उत्पन्न काढायला तुमची दोनशे झाडे तेवीस सुट्या झाडांइतकीच कामाची. खताची तुलना तर आणखी नाजूक आहे, कारण खत झाडाला नाही, बागेला घातले. तिथे तीन विरुद्ध दोन एवढेच उरते, आणि तुमची 0.003 मुळात दोनशे सुटी झाडे धरून काढलेली आहे.

आता तीच दोनशे झाडे वीस बागायतींत दहा-दहा अशी घेतली असती तर? 1 + 9 × 0.2, म्हणजे 2.8. दोनशे भागिले 2.8, सुमारे 71. मेहनत तीच, फक्त पेट्रोल जास्त. शिवाय प्रत्येक बागेत चिठ्ठ्या टाकून निम्म्या झाडांना खत आणि निम्म्यांना नाही असे केलेत तर तुलना बागेच्या आतच होते, आणि मातीचा फरक मध्ये येत नाही. खत घातलेल्या आणि न घातलेल्या झाडांत पुरेसे अंतर मात्र ठेवा, मुळे कुंपण मानत नाहीत.

जुना डेटा फेकू नका. त्यातूनच साम्याचा आकडा मिळेल, आणि नव्या आखणीचे समर्थन त्याच्यावर लिहिता येईल. विश्लेषणाला ‘आर’ हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. बाग हा यादृच्छिक घटक धरून मिश्र प्रतिमान बसवा, म्हणजे बागांबागांतला फरक हिशेबात वेगळा धरला जातो. पुढचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, तोपर्यंत पंधरा बागायतदार शोधायला वेळ आहे. आणि त्या सदस्यांना फोन करून आभार माना. हे मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने काढले असते तर काय झाले असते, विचार करा.

प्रश्न : एका नियतकालिकाची मेल आली आहे, पैसे भरले की पंधरा दिवसांत शोधनिबंध छापतात. पीएच्.डी.ला पेपर लागतोच ना? — वाचक, म्हापसा

उत्तर : 2022 च्या युजीसी नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असेल तर तो बघा. गणिताचा पेपर परीक्षक एकेक ओळ तपासत वाचतात, त्याला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. पंधरा दिवसांत फक्त पैसे तपासून होतात. निबंध तयार असेल तर ‘आर्काइव्ह’ (arXiv) या संकेतस्थळावर टाका, 1991 पासून जगभरचे लोक तिथे फुकट टाकतात आणि फुकट वाचतात. आणि सहलेखकांत पहिले नाव कोणाचे यावरून भांडू नका. गणितात नावे आडनावाच्या अक्षरक्रमाने लावायची पद्धत आहे. रसायनशास्त्रातली माझी मैत्रीण हे ऐकून अजून हसते.

प्रश्न : बाई, तुम्ही गाइड गाइड करता. आमच्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर यांनी तर पीएच्.डी. केलीच नव्हती. त्यांचे काय अडले? — एक वाचक, सांखवाळ

उत्तर : बरोबर पकडलेत मला! दामोदर कोसंबी जन्मले गोव्यात, 1907 साली. 1929 मध्ये हार्वर्डमधून पदवी घेतली आणि डॉक्टरेट न करताच परतले. 1943 मध्ये त्यांनी फलनांच्या जागेत, म्हणजे सुट्या आकड्यांऐवजी अख्खे वक्र घेऊन, संख्याशास्त्र कसे करायचे यावर लिहिले. त्या कल्पनेला आज कार्हुनेन आणि लोएव्ह यांची नावे आहेत, आणि त्यांचे काम कोसंबींनंतरचे. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती लांब आहेत ते मोजायचे त्यांचे 1944 चे सूत्र जनुकशास्त्रात अजून त्यांच्याच नावाने वापरतात. जुनी नाणी तराजूत तोलून, झीज वाढेल तसे सरासरी वजन कसे घटते आणि वजनांतला पसारा कसा वाढतो, यावरून त्यांनी नाण्यांचा काळक्रम लावला. आणि हे सगळे संख्याशास्त्र ते आपले आपण शिकले होते. त्यांना गाइड हवा होता असे म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

पण 1959 चेही सांगायला हवे. त्या साली त्यांनी रीमानचे गृहीतक संभाव्यतेच्या वाटेने सिद्ध केल्याचा दावा असलेला लेख छापला. गणितातला हा फार मोठा, अजूनही न सुटलेला प्रश्न. आणि छापला कुठे, तर भारतीय कृषी-संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात. भाताच्या आणि गव्हाच्या पिकांचे अंदाज तपासणाऱ्या मंडळींनी तिथल्या एखाद्या ओळीला ‘का?’ विचारावे कसे? सिद्धता टिकली नाही. 1962 मध्ये टीआयएफआरमधली त्यांची नोकरी पुढे वाढवली गेली नाही. त्याला इतरही कारणे सांगतात, ती या सदराच्या बाहेरची.

हे वाचले तेव्हा मला माझी ती ओळ आठवली. माझी चूक एका खोलीत, एका माणसासमोर, शुक्रवारी दुपारी झाली आणि खडूबरोबर पुसली गेली. त्यांची छापून आली.

नाण्यांच्या वजनांबद्दल पेडण्याहून आणखी एक लांबलचक पत्र आले आहे, सोबत आजोबांच्या पेटीतल्या पोर्तुगीज नाण्यांची मोजमापेही आहेत. ते पुढच्या अंकात घेते. त्या वाचकांना एक विनंती, नाणी घासून चकचकीत करू नका, आणि केली असतील तर तसे कळवा.